ह्यो कोणाचो गो?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या टपालात एकाच विषयाची तीन पत्रे आली आणि तिन्ही कोकण किनाऱ्यावरची आहेत. वयस्कर आई-वडिलांसोबत रोज संध्याकाळी टीव्ही पाहताना आपण नव्या मालिका, नवे चेहरे, नवी गाणी आणि त्यांवरच्या गप्पा यांपासून तुटत चाललो आहोत, ही पहिल्या पत्रातली खंत आहे. उरलेली दोन पत्रे त्याच बैठकीकडे दुसऱ्या बाजूंनी पाहून लिहिलेली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत. पहिल्या पत्राला मी मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : सविनय नमस्कार. माझे वय ४७ आहे. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने २५ वर्षे मुंबईत काढल्यावर तीन वर्षांपूर्वी मी वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, आई ७४ वर्षांची आणि भाऊ परदेशात, त्यामुळे येणे मलाच भाग होते आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. हिशेबाचे काम मी घरूनच करते. देवाकडे दिवा लावून झाला, की साडेसहाला टीव्ही लागतो तो साडेदहाला बंद होतो. या चार तासांत पाच-सहा मालिका, मध्ये बातम्या, आणि जेवणही तिथेच. बाबांना एकटे बसवत नाही, आईलाही सोबत हवी असते, म्हणून मी रोज त्यांच्याबरोबर बसते.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी मुंबईला गेले होते. जेवताना आम्ही कॉलेजातल्या चौघी एका टेबलावर होतो. त्या तिघी अर्धा तास एका वेब सिरीजबद्दल बोलत होत्या, मग एका गायकाबद्दल, मग कोणीतरी एक वाक्य म्हटले आणि सगळ्या हसल्या. ते वाक्य कुठले होते हे मला कळले नाही आणि विचारण्याचे धाडसही झाले नाही. पूर्वी आमच्यात नवे नाटक, नवा सिनेमा सर्वांत आधी पाहून येणारी मीच असायचे. मैत्रिणीच्या मुलीने ‘मावशी, तू काय बघतेस?’ असे आपुलकीने विचारले. मी एका मालिकेचे नाव सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘अच्छा, आजीपण तीच बघते.’ तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हते, तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

गावी परतले त्याच रात्री मालिकेत एक नवा चेहरा आला आणि बाबांनी नेहमीप्रमाणे विचारले, ‘ह्यो कोणाचो गो?’ ते रोज दहा वेळा असे विचारतात. मी म्हणाले, ‘माका काय म्हायत? गप बघा.’ त्यानंतर दोन दिवस त्यांनी काहीच विचारले नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्या वयाच्या माणसांच्या जगात परत येण्यासाठी मी काय करावे? आणि त्यासाठी आई-बाबांच्या चार तासांतून वेळ काढणे हा स्वार्थ ठरेल का?

— एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : तुमचे दोन प्रश्न पत्राच्या शेवटी आहेत, पण मी सुरुवात तुमच्या बाबांच्या प्रश्नापासून करते, कारण तुम्ही जे शोधत आहात त्याचा बराचसा भाग मला त्या प्रश्नात दिसतो.

सिंधुदुर्गात वाटेत अनोळखी तरुण भेटला, तर त्याचे नाव सर्वांत शेवटी विचारतात. आधी तो कोणाचा आणि कुठल्या वाडीतला, ते विचारतात. नाटक पाहतानाही तुमच्याकडची जाणती माणसे हेच करत आली आहेत. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या, की रात्री उशिरा उभे राहून पहाटेपर्यंत चालणारे दशावतारी नाटक तुमच्या बाबांनी लहानपणापासून पाहिले असेल. त्या नाटकाला लिहून काढलेली संहिता नसते; कथा पुराणातली, सगळ्यांना ठाऊक असलेली, आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. पुढे काय होणार, हा तिथे उत्सुकतेचा विषयच नसतो. आज राजपार्ट कोण करणार, स्त्रीपार्ट कोणाकडे आहे, तो कुठल्या गावचा, त्याचा बापही हेच सोंग घेत असे का, हे विचारले जाते, आणि पेटी-मृदंगाच्या साथीवर राजा प्रवेश करतो तेव्हा बघणाऱ्याला त्या एकाच देहात राजाही दिसतो आणि अमक्याचा मुलगाही. अशा प्रेक्षकांत बसून ज्याची नजर घडली, तो माणूस मालिकेतल्या नव्या चेहऱ्याकडे पाहून ‘ह्यो कोणाचो’ असे विचारतो, तेव्हा तो त्याला येत असलेल्या रीतीने नाटक पाहत असतो. ज्या नटाची कुळकथा ठाऊक नाही, त्याचे नाटक त्यांना अर्धेच दिसते.

आता साखरपुड्याचे ते टेबल आठवा. मैत्रिणींनी ज्या गायकाचे नाव घेतले तो कोण, कोणाचा, कुठून पुढे आला, हेच तुम्हालाही विचारायचे होते. तुमचे बाबा विचारतात. तुम्ही विचारले नाही. तुम्हाला तिथे जे वाटले, ते त्यांना रोज साडेसहा ते साडेदहा वाटत असते, आणि त्यांनी त्यावर एक साधा उपाय शोधलेला आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, आजच त्यांना एखाद्या नटाबद्दल काहीतरी सांगा. मराठी मालिकांतले पुष्कळ कलाकार रंगभूमीवरून आलेले असतात, कोणी रत्नागिरीकडचा असतो, कोणाचे आई-वडीलही नट असतात, आणि फोनवर शोधल्यास हे मिनिटभरात सापडते. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. ‘तो अमक्याचा मुलगा, मूळ गाव अमुक’ एवढे सांगितले, की ते तुमच्याशी पुन्हा बोलू लागतील असे मला खात्रीने वाटते.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. झटक्यानंतर काही रुग्णांना लक्ष टिकवणे, भराभर बदलणारी दृश्ये एकमेकांना जोडणे आणि पुष्कळ पात्रांची नाती ध्यानात ठेवणे अवघड जाते. रोजच्याच पात्राबद्दल, एकाच भागात, उत्तर मिळाल्यानंतरही बाबा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतील किंवा हे प्रमाण अलीकडे वाढले असेल, तर पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर ते अवश्य घाला.

आता तुमच्या खंतीकडे वळते. आपण मागे पडलो, असे तुम्ही म्हणता, तेव्हा बाकीचे सगळे मिळून एका वाटेने पुढे गेले आहेत असे तुम्ही धरून चालता. अशी एक वाट पूर्वी खरोखरच होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर दोन दशके महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत टीव्ही म्हणजे दूरदर्शनच होते. १९८७ च्या जानेवारीत रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा तुम्ही आठ-नऊ वर्षांच्या असाल. ज्या घरी संच असे, त्या घरच्या ओटीवर रविवारी सकाळी सगळी वाडी जमत असे, हे तुम्हालाही आठवत असेल. त्या काळी एखाद्याला लोकप्रिय गोष्ट ठाऊक नसणे जवळजवळ अशक्य होते, कारण पाहण्यासारखे तेवढेच होते आणि ते सगळे एकाच वेळी पाहत. १९९२ मध्ये झी टीव्ही आला, १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, आणि घराघरांतल्या आवडी वेगळ्या होऊ लागल्या. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले, आणि एका घरात चार माणसे चार फोनांवर चार निरनिराळ्या गोष्टी पाहू लागली. आज लोकप्रिय म्हणून जे काही गणले जाते, त्याचा फार मोठा भाग आपल्यापैकी प्रत्येकाला अपरिचित असतो, मग तो माणूस दादरला राहो की दाभोळला. तुमच्या तिन्ही मैत्रिणींना ती सिरीज ठाऊक होती, कारण त्या एकमेकींशी नेहमी बोलतात आणि एकीने पाहिलेले दुसरीला सांगतात. त्याच सभागृहात शेजारच्या टेबलावर बसलेल्यांनी त्या सिरीजचे नाव ऐकलेही नसणे सहज शक्य आहे.

वयाचाही यात वाटा आहे. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना वारंवार असे आढळले आहे की, उतारवयात माणसाला साधारणपणे १० ते ३० या वयातल्या घटना सर्वांत अधिक आठवतात, आणि त्या वर्षांत कानांवर पडलेली गाणीही जन्मभर जवळची राहतात. तुम्ही मुंबईतच राहिला असता, तरी चाळिशीनंतर नव्या गोष्टींची पकड थोडी सैल झालीच असती.

पण एवढे सांगून मी तुमची बोळवण करणार नाही. तुमचे काहीतरी खरोखरच हरवले आहे. ते नेमके काय, हे सांगण्यासाठी मला माझ्या आईची आठवण लिहावी लागेल.

माझी आई रत्नागिरीला आणि तिची धाकटी बहीण देवगडला राहत होती. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ मध्ये सुरू होऊन ३००० हून अधिक भाग चालली, आणि तिचा प्रत्येक भाग संपला, की आमच्या घरचा फोन वाजत असे. दोघी बहिणी अर्धा तास त्या मालिकेतल्या माणसांबद्दल अशा बोलत, की ती माणसे आमच्याच आळीत राहतात असे वाटावे, आणि बोलता बोलता त्यात आमच्या घरातले, मावशीच्या सुनेचे, आंब्याच्या भावाचे, गुडघ्याच्या दुखण्याचे सगळे येऊन जाई. मला त्या मालिकेचा कंटाळा होता आणि आईला ती एवढी का आवडते, हे मला कळत नसे. मावशी गेली, त्यानंतर मालिका चालूच होती. आईने ती पाहणे सोडले. कोणाला काही बोलली नाही; त्या वेळी ती स्वयंपाकघरात उद्याची भाजी निवडत बसू लागली. मालिकेबद्दल ज्या माणसाशी बोलायचे ते माणूसच उरले नव्हते, हे माझ्या लक्षात यायला बरेच महिने लागले आणि त्याची टोचणी मला अजून आहे.

तुमचेही असेच झाले आहे. ती सिरीज न पाहिल्याने तुमचे फारसे काही बिघडलेले नाही. ती पाहून ज्यांच्याशी बोलावे, त्या तिघींच्या रोजच्या बोलण्यातून तुम्ही बाहेर राहिलात. म्हणून नव्या मालिकांची यादी करून, रात्री जागून, एकामागून एक भाग संपवण्याच्या मागे लागू नका. तसे केले, तर दोन महिन्यांनी तुम्हाला दहा मालिकांची माहिती असेल आणि बोलायला कोणी नसेल. त्याऐवजी त्या तिघींपैकी जी तुम्हाला सर्वांत जवळची असेल, तिला फोन करा आणि टेबलावर जे विचारता आले नाही, ते सरळ विचारा: त्या दिवशी तुम्ही कशाला हसलात? तिला सांगण्यात आनंदच होईल. मग दोघींनी मिळून एकच काहीतरी निवडा, आठवड्याला एक भाग पाहा आणि ठरलेल्या दिवशी त्यावर बोला. माझ्या आई-मावशीची रीत तीच होती.

कोकणाला ही रीत नवीन नाही. गिरणीत आणि गोदीत कामाला गेलेला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात घरी येई, तेव्हा त्याच्या ट्रंकेतून सामान निघायच्या आधी मुंबईच्या बातम्या निघत. कोणते नाटक जोरात चालले आहे, कोणत्या सिनेमाला रांगा लागतात, हे त्याच्या तोंडून ऐकून गावातल्या माणसाने ते नाटक-सिनेमे न पाहता पाहिलेले असत. ‘मुंबयत काय नवीन?’ असे विचारताना कोणाला कमीपणा वाटत नव्हता. उलट दिशेनेही वाहतूक होतीच: गंगाराम गवाणकरांचे मालवणी ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळी यांनी मुंबईत गाजवले आणि त्याचे ५००० वर प्रयोग झाले. तुम्ही २५ वर्षे चाकरमानी होतात आणि गावाला बातम्या नेत होतात. आता तुमच्यासाठी कोणीतरी त्या आणायच्या आहेत, आणि तिकडे पाठवायलाही तुमच्याजवळ पुष्कळ आहे. त्या मुलीने ‘काय बघतेस’ असे विचारले, तेव्हा मालिकेच्या नावाऐवजी बाबांचा ‘ह्यो कोणाचो’ हा प्रश्न तुम्ही तिला सांगितला असता, तर टेबलावरच्या सगळ्यांनी तो मन लावून ऐकला असता.

स्वार्थाबद्दल विचारता, तर स्पष्ट सांगते. तीन वर्षे, रोज चार तास, क्वचितच एखादी संध्याकाळ सोडून, दोन वृद्ध माणसांच्या सोबतीला बसणे हे कष्टाचे काम आहे. तुम्ही ते प्रेमाने करता, म्हणून ते कष्ट नव्हेत असे होत नाही, आणि कष्टाला सुट्टी लागते. आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्णपणे तुमची असावी. परदेशातल्या भावाला त्याच्या सोयीचा एक वार ठरवून द्या. त्या दिवशी ठरलेल्या वेळी त्याने व्हिडिओ कॉल लावून आई-बाबांसोबत मालिकेचा एक तास बसावे. तो तिथून मालिका पाहत नसला तरी बिघडत नाही. बाबा त्याला नव्या चेहऱ्याबद्दल विचारतील, त्याला सांगता येणार नाही, आई सांगेल, आणि तेवढा वेळ तुम्ही समुद्रावर फिरून याल किंवा आतल्या खोलीत मैत्रिणीशी बोलाल. भाऊ पैसे पाठवत असेल, पण संध्याकाळचा एक तास पाठवणे हेही त्याचे कर्तव्य आहे, आणि ही गोष्ट त्याला सांगण्याचा अधिकार तुमचा आहे. शेजारची एखादी काकी त्याच मालिका आपल्या घरी एकटी पाहत असेल, तर तिलाही बोलवा.

आणखी एक सुचवते. चार तासांतला एक तास, आठवड्यातून एकदा, तुमच्या निवडीचा असू द्या. आई-वडिलांना फक्त त्यांच्याच मालिका लागतात, असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ आली, तेव्हा सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली ती मालिका पाहताना तुमच्या भागातल्या घरोघरी जुनी माणसे कशी सरसावून बसत होती, कुठला शब्द मालवणी नाही आणि कुठला हेल चुकला यावर कसे वाद घालत होती, आणि कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख असे दाखवल्याबद्दल कशी रागावत होती, हे आठवून पाहा. तो राग म्हणजे पाहण्यातला त्यांचा सहभागच होता. मैत्रिणींनी सांगितलेली ती सिरीज बाबांना झेपणार नाही कदाचित, पण तिचा एक भाग लावून पाहायला काय हरकत आहे? भाषा कळली नाही, तर तुम्ही सांगा. या वेळी प्रश्न बाबांचा असेल आणि उत्तर तुमच्या आवडीच्या गोष्टीतले.

पावसाळ्याचे दिवसही हिशेबात धरा. घरावरच्या लहान डिशला येणाऱ्या लहरी फार उच्च कंपनांच्या असतात आणि मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषून आणि विखरून टाकतात, म्हणून जून-जुलैत ऐन आठ वाजता चित्र गोठते. अशा संध्याकाळी संच बंद करून बाबांनी पाहिलेल्या दशावतारी नटांबद्दल त्यांना विचारा. राजपार्ट कोण करत असे, कोणाचा आवाज कसा होता, जत्रेत कोणाबरोबर जाऊन बसत. ही माहिती कोणत्याही फोनवर शोधून सापडणार नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्या टीव्ही इतका मोठा लावतात, की माझे डोके दुखते, आणि तरीही दर पाच मिनिटांनी ‘काय म्हणाली ती?’ असे विचारतात. मुले वैतागून खोलीत निघून जातात. त्यांना मालिका कळेनाशी झाली आहे, की ऐकू येत नाही, हे कसे ओळखावे?

— एक वाचक, मालवण

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून ऐकण्याची अडचण असण्याची शक्यता अधिक वाटते. वाढत्या वयात कमी ऐकू येण्याची सुरुवात बहुधा उच्च कंपनांच्या आवाजांपासून होते. बोलण्यातले स्वर खालच्या कंपनांचे असतात, तर स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे सासूबाईंना नीट ऐकू येते, पण काय बोलते आहे ते कळत नाही. आवाज वाढवला, की मालिकेतले पार्श्वसंगीतही वाढते आणि शब्द त्यात आणखी बुडतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आणि मुलांचे संवाद कळायला जास्त त्रास होतो तो याच कारणाने. त्यातच हल्लीच्या पातळ संचांचे ध्वनिक्षेपक बहुधा खाली किंवा मागे, भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात, आणि पडवीवर पत्रा असेल तर पावसाळ्यात त्याच्या आवाजात तरुण माणसालाही संवाद ऐकू येत नाहीत.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्या, कारण कधी कधी नुसता मळ साठलेला असतो. मग श्रवणचाचणी करून घ्या आणि श्रवणयंत्र सुचवले तर टाळू नका. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या ज्या १४ टाळता येण्याजोग्या घटकांची नोंद केली, त्यांत श्रवणदोष आहे, तेव्हा ही केवळ डोकेदुखीची गोष्ट राहत नाही. घरात लगेच करण्यासारखे म्हणजे त्यांची खुर्ची संचाच्या जवळ आणा, संचाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करण्याची सोय असेल तर ती चालू करा, आणि त्यांना चालत असेल तर वायरलेस हेडफोन द्या, म्हणजे त्यांचा आवाज त्यांच्यापुरता राहील. मुलांना मात्र सांगा, की ‘काय म्हणाली ती?’ या प्रश्नाला खोलीत निघून जाणे हे उत्तर नव्हे. आजीसमोर तोंड करून, सावकाश, एकदा सांगितले, की पुरते. ओरडून सांगितल्याने शब्द स्पष्ट होत नाही.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून दापोली तालुक्यात राहतो. मुलगा ३८ वर्षांचा आहे, घरून काम करता येते म्हणून पुण्याहून आमच्याकडे आला आहे. संध्याकाळी तो आमच्याजवळ टीव्हीसमोर बसतो, पण डोळे फोनमध्ये असतात. मध्येच हसतो, आम्ही पाहिले की गप्प होतो. आमच्याखातर तो इथे अडकून पडला आहे आणि आमच्या मालिकांमुळे त्याच्या पिढीच्या मागे पडतो आहे, असे मला वाटते. ‘तू आत जाऊन तुझे बघ’ असे मी त्याला दोनदा सांगितले. तो गेला नाही, पण त्यानंतर आमच्यात एक अवघडलेपण आले आहे. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा तो इथेच होता आणि आम्ही रात्री अंगणात बसून पुष्कळ बोललो होतो. ते आता का होत नाही?

— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : गुरुजी, तुम्ही ते वाक्य मोकळ्या मनाने म्हटले असेल, पण बापाच्या तोंडून आलेले ‘तू आत जा’ मुलाला तसे ऐकू येत नाही. ‘तुझे इथे काम नाही’, असा त्याचा अर्थ तो लावतो. तो उठून गेला नाही, यावरून त्याला तुमच्याजवळ बसायचे आहे हे उघड आहे. फोन हातात आहे म्हणजे तो कंटाळला आहे, असेही समजू नका. त्याचे मित्र पुण्यात आहेत आणि त्यांच्याशी असलेला त्याचा संबंध त्या फोनमध्ये आहे. तो मागे पडत नाही आहे. त्याला दोन ठिकाणी एकाच वेळी बसायचे आहे, आणि या वयाच्या मुलांना, घर सोडून गेलेल्या आणि घरी परतलेल्या सगळ्यांनाच, ते करावे लागते.

वादळानंतरच्या त्या रात्री तुम्ही बोललात, कारण वादळ तिघांवर सारखेच आले होते. घरावरची कौले, पडलेली झाडे, उद्याचे पाणी, हे सगळ्यांच्या डोक्यात एकच होते. आता तुमच्यासमोर एक पडदा आहे आणि त्याच्या हातात दुसरा, म्हणून बोलण्याला समाईक काही सापडत नाही. तो फोन हिरावून घेऊन ते सापडणार नाही. एवढी वर्षे वर्गात शिकवताना एखादा मुलगा मागच्या बाकावर हसला, तर त्याला उभे करून जाब विचारण्याऐवजी कधीतरी तुम्ही जवळ जाऊन त्याच्या वहीत डोकावला असाल, आणि त्याने काढलेले चित्र पाहून तुम्हालाही हसू आले असेल. पुढच्या वेळी तो हसला, की ‘काय रे?’ एवढेच विचारा. पहिल्यांदा तो ‘काही नाही’ म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. त्याने फोन तुमच्यापुढे धरला, तर त्यातला विनोद आला कुठून, त्यात दिसणारा माणूस कोण, लोक त्याला का हसतात, हे सगळे त्याच्याकडून समजून घ्या. कळले नाही, तर कळले नाही असे सांगा, आणि तुमच्या मालिकेत त्या वेळी काय चालले आहे ते त्यालाही सांगा. टीव्हीचा आवाज तेवढा वेळ बंद ठेवा आणि वाचायचा चष्मा जवळच असू द्या.